परग्रहाच्या वाटेवर कोणता संगणक धाडावा?

सांप्रत कोणत्याहि वस्तूची परीक्षा ती किती नवी आहे यावरून करण्याची रीत पडली आहे. घरांत मोबाईल घ्यावयाचा झाला म्हणजे वडील मंडळी किंमत विचारतात आणि मुलें वेग व साठवण विचारतात. गेल्या वर्षींचें यंत्र यंदां जुनें ठरतें आणि त्याच्या मागल्या वर्षींचें तर टाकाऊच. अशा दिवसांत कोणीं विचारलें कीं, चंद्रावर, मंगळावर किंवा त्याहूनहि दूर जें निर्मनुष्य यान धाडावयाचें त्यांत कोणता संगणक बसवावा, तर बहुतेक विद्यार्थी क्षणाचाहि विलंब न लावतां सांगतील कीं, बाजारांत जो सर्वांत नवा व सर्वांत वेगवान असेल तो. हें उत्तर सहज सुचणारें आहे. परंतु तें चुकीचें आहे असें आमचें मत आहे, आणि तें कां चुकीचें आहे हें वाचकांपुढें मांडावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा प्रश्न वरवर पाहतां यंत्राचा दिसतो, पण मूळचा तो प्रवासाचा आहे. आपल्या बीड जिल्ह्यांतील लोकांस अशा प्रवासाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर या भागांतून हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांकडे निघतात, तीं उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहींत. निघण्यापूर्वीं घरांतील कर्ती बाई दाणागोटा, अंथरूण-पांघरूण, कोयते, दोर यांची जुळवाजुळव करते, तेव्हां कोपीवर काय लागेल आणि तेथें काय मिळणार नाहीं याचा हिशेब तिच्या मनांत चाललेला असतो. अर्ध्या वाटेवर गाडीचा आंस मोडला तर गांवाकडून कोणी धांवत येत नाहीं. म्हणून गाडीची निवड तिच्या रंगावरून कोणी करीत नाहीं. ती टिकेल काय, आणि बिघडली तर वाटेंत दुरुस्त होईल काय, हें पाहतात. परग्रहाकडे जाणारें यान हा याच जातीचा प्रवासी आहे. मात्र त्याच्या वाटेवर गांव लागत नाहीं, आणि बहुधा तो परतहि येत नाहीं.

या प्रवासांतील पहिली अडचण अंतराची. प्रकाश व बिनतारी संदेश एका सेकंदांत सुमारें ३ लाख किलोमीटर जातात. तरी चंद्रापर्यंत त्यांस सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि मंगळ जवळ असेल तर ३ मिनिटें व दूर असेल तर २२ मिनिटें लागतात. २४ सप्टेंबर २०१४ रोजीं आपलें मंगळयान मंगळाच्या कक्षेंत शिरलें, तेव्हां एकेरी वाटेला सुमारें साडेबारा मिनिटें लागत होतीं. यानाचा वेग कमी करण्यासाठीं त्याचें मुख्य इंजिन सुमारें २४ मिनिटें चालावयाचें होतें. दोन दिवस आधीं घेतलेली चार सेकंदांची चांचणी सोडली, तर तें इंजिन सुमारें ३०० दिवस निजून होतें. शिवाय मध्येंच यान मंगळाआड जाऊन त्याचा आवाजहि बंद व्हावयाचा होता. इंजिन पेटलें कीं नाहीं ही बातमी बंगळुरास कळून तेथून उलट हुकूम धाडावा, तर पंचवीस मिनिटें गेलीं. तोंपर्यंत काम पार पडलेलें असावयाचें अथवा बिघडून गेलेलें असावयाचें. म्हणून सर्व आज्ञा कांहीं दिवस आधींच यानाच्या संगणकांत घालून ठेविल्या होत्या, आणि त्या सकाळीं आपल्या शास्त्रज्ञांच्या हातीं वाट पाहण्याखेरीज कांहीं उरलें नव्हतें. यानांतील संगणकावर किती भार असतो हें यावरून ध्यानांत येईल. त्या वेळीं तोच चालक आणि तोच मालक असतो.

दुसरी अडचण डोळ्यांना न दिसणारी आहे. पृथ्वीभोंवतीं हवेचें व चुंबकीय क्षेत्राचें पांघरूण आहे. तें सोडून यान बाहेर पडलें कीं सूर्याकडून आणि ताऱ्यांच्या प्रदेशांतून येणाऱ्या वेगवान विद्युत्भारित कणांचा मारा त्याजवर सुरू होतो. संगणकाची सर्व विद्या शून्य व एक या दोन खुणांनीं लिहिलेली असते. असा एखादा कण चिपेंतून आरपार गेला तर शून्याचा एक होतो, आणि एका खुणेच्या फरकानें आज्ञेचा अर्थ पालटतो; कधीं कधीं तर चिपेंतील एखादी वाट कायमची जळून जाते. चिपेंतील अवयव जितके बारीक, तितकी त्यांतील खूण पालटण्यास सामान्यतः थोडी वीज पुरते. म्हणजे ज्या बारीकपणामुळें आपल्या खिशांतील यंत्र इतकें चपळ झालें, तोच बारीकपणा येथें वैरी ठरूं शकतो. तिसरी अडचण विजेची व उष्णतेची. पृथ्वीवर तापलेल्या यंत्राची उष्णता वारा वाहून नेतो. पोकळींत वारा नाहीं. आणि वीज तर तळहाताएवढ्या दिव्याच्या हिशेबानें मोजून वापरावी लागते.

या अडचणींवर शोधून काढलेला उपाय म्हणजे कणांचा मारा सोसण्यासाठीं मुद्दाम घडविलेली चिप. तिची रचना निराळी असते, तिची परीक्षा कित्येक वर्षें चालते आणि तिची किंमत बाजारांतील चिपेच्या कित्येक पट असते. तिच्या जोडीला स्मृतींतील चूक हुडकून आपोआप दुरुस्त करण्याची सोय ठेवितात. ही सिद्धता होईपर्यंत जग पुढें गेलेलें असतें, हें उघड आहे. ऑगस्ट २०१२ मध्यें मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीचा रॅड ७५० हा प्रोसेसर, १९९७ सालीं घरगुती संगणकांसाठीं निघालेल्या एका प्रोसेसराच्या घराण्यांतला आहे. त्याचा वेग २०० मेगाहर्ट्झपर्यंत आणि कामाची स्मृति २५६ मेगाबाइट. त्या वर्षीं विकला जाणारा चांगला मोबाईलहि याहून चपळ होता. तरी २०२० सालीं पर्सिव्हिअरन्स गाडी धाडतांना अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनीं पुन्हां तोच प्रोसेसर निवडला. त्यांस नवीन ठाऊक नव्हतें असें कोण म्हणेल? एकदां पारखलेला गडी पुन्हां कामावर घ्यावा, हा शहाणपणा त्यांनीं केला. शिवाय क्युरिऑसिटींत एकसारखे दोन संगणक होते. फेब्रुवारी २०१३ मध्यें पहिल्याच्या साठवणींत बिघाड झाला, तेव्हां दुसऱ्यानें कारभार हातीं घेतला आणि गाडी चालूं राहिली.

परंतु केवळ दोन संगणक ठेविले म्हणजे निश्चिंत झालों असें कोणीं समजूं नये. नोव्हेंबर २०११ मध्यें रशियानें मंगळाच्या फोबोस नामक चंद्राकडे फोबोस-ग्रुंट हें यान सोडलें. तें पृथ्वीभोंवतीच्या कक्षेंत नीट पोंचलें, पण पुढील प्रवासासाठीं त्याचें इंजिन पेटलेंच नाहीं. १५ जानेवारी २०१२ रोजीं तें पृथ्वीवर कोसळलें, आणि त्याच्या पाठीवर बसून निघालेलें चीनचें लहान यानहि त्याबरोबर गेलें. रशियाच्या चौकशी-समितीनें असा निष्कर्ष काढला कीं, संगणकाचीं दोन्ही अंगें एकाच वेळीं बंद पडून पुन्हां सुरू झालीं. आणि अवकाशासाठीं न पारखलेल्या स्मृति-चिपांवर जड कणांचा आघात झाला हें त्याचें संभवनीय कारण होय. इतर देशांतील कांहीं तज्ज्ञांनीं या कारणाविषयीं शंका प्रदर्शित केली आहे. तथापि एक बोध वादातीत आहे: जीं दोन माणसें एकाच धक्क्यानें पडतात, तीं एकमेकांस उचलूं शकत नाहींत. जोडीदार ठेवावयाचा तर पहिला पडला असतां दुसरा उभा राहील अशी त्याची योजना पाहिजे.

येथें प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकून घेणें न्यायाचें आहे. तो पक्ष म्हणतो कीं, महाग व मंद संगणक घेऊन बसल्यामुळें यानाला स्वतः पाहतां येत नाहीं, चित्रें तपासून वाट काढतां येत नाहीं, आणि एका यानाच्या खर्चांत जीं चार लहान यानें जातीं तीं जात नाहींत. या म्हणण्यांत तथ्य आहे. १९ एप्रिल २०२१ रोजीं मंगळावर इंजेन्युइटी नांवाचें पावणेदोन किलोग्रॅम वजनाचें चिमुकलें हेलिकॉप्टर उडालें. त्यांत स्नॅपड्रॅगन ८०१ हा मोबाईलांत वापरला जाणारा प्रोसेसर होता, कारण डोळ्यांनीं जमीन पाहत उडावयाचें तर जुन्या प्रोसेसराचा वेग पुरत नाहीं. पांच उड्डाणें झालीं तरी पुष्कळ असें ठरवून निघालेल्या या पाखरानें १८ जानेवारी २०२४ पर्यंत ७२ उड्डाणें केलीं, आणि शेवटीं त्याच्या पंखास इजा झाली तेव्हांच तें थांबलें. नव्या विद्येचा हा विजय आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों.

मात्र त्या विजयामागची योजनाहि पाहिली पाहिजे. त्या हेलिकॉप्टरांत मोबाईलाचा प्रोसेसर एकटा नव्हता. उड्डाणाचा तोल सांभाळण्याचें नाजूक काम अधिक भरंवशाच्या लहान प्रोसेसरांकडे होतें. शिवाय तो एक प्रयोग म्हणून धाडिला होता. तें पहिल्याच दिवशीं पडलें असतें तरी मुख्य गाडीच्या कामाला धक्का लागला नसता. म्हणजे नव्याला संधि दिली, पण सगळें घर त्याच्या एकट्याच्या खांद्यावर ठेविलें नाहीं. आमच्या मतें हाच मध्यम मार्ग योग्य होय. यानाचा प्राण ज्यावर अवलंबून, त्या जागीं पारखलेलें व सोशिक यंत्र असावें. आणि जेथें चूक झाली तरी प्राण जाणार नाहीं, तेथें नव्याला मोकळीक द्यावी.

संगणकाची निवड करतांना आणखी एक गुण पाहिला पाहिजे, आणि तो वेगाहूनहि आम्हांस मोलाचा वाटतो. तो गुण म्हणजे दुरून दुरुस्त होण्याची सोय. जुलै १९९७ मध्यें मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वरचेवर थांबून पुन्हां पहिल्यापासून सुरू होऊं लागला. तसाच संगणक पृथ्वीवर ठेविलेला होता. त्यावर शास्त्रज्ञांनीं तोच बिघाड घडवून आणला, कारण शोधिलें, आणि आज्ञावलींतील एक लहानशी दुरुस्ती मंगळावर धाडून दिली. याहून नवलाची हकीकत व्हॉयेजर १ या यानाची आहे. १९७७ सालीं निघालेल्या या यानांत निरनिराळ्या कामांसाठीं तीन प्रकारचे संगणक, प्रत्येकीं दोन, असे बसविले आहेत; सर्वांची स्मृति मिळून ७० किलोबाइटांहून कमी. आजच्या एका साध्या छायाचित्रासहि ती पुरणार नाहीं. नोव्हेंबर २०२३ मध्यें यानाकडून येणारा मजकूर निरर्थक झाला. शोध करतां असें दिसलें कीं, एका संगणकाच्या स्मृतींतील एकच चिप निकामी झाली असून तिच्यांत कांहीं आज्ञा होत्या. त्या सर्व एकत्र मावतील एवढी रिकामी जागा कोठेंच नव्हती. तेव्हां शास्त्रज्ञांनीं त्यांचे तुकडे केले, स्मृतींत जेथें जेथें जागा होती तेथें ते ठेविले, आणि एकमेकांस जोडून दिले. यान २,४०० कोटि किलोमीटर दूर. संदेश जाण्यास साडेबावीस तास, उत्तर येण्यास तितकेच. एप्रिल २०२४ मध्यें शेहेचाळीस वर्षांचें तें यान पुन्हां नीट बोलूं लागलें. ज्यांनीं तो संगणक निवडला त्यांनीं वेग थोडा दिला, पण दूरच्या हातांना काम करतां येईल अशी दारें उघडीं ठेविलीं.

येथवर आम्हीं यंत्राच्या देहाविषयीं लिहिलें. परंतु देह शाबूत असून बुद्धि फसते, असेंहि होतें, आणि त्याची साक्ष आपल्याच महाराष्ट्रांत ऐकूं आली. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं युरोपचें शियापारेली हें यान मंगळावर उतरत असतां त्याचा क्षीण आवाज ही दुर्बीण ऐकत होती. उतरण्याच्या नियोजित क्षणापूर्वीं एक मिनिटहि उरलें नसतां तो आवाज बंद पडला. पुढें चौकशींत निष्पन्न झालें तें असें: हवाई छत्री उघडल्यावर यानाचें वळणें मोजणाऱ्या उपकरणाची मोजण्याची कमाल मर्यादा सुमारें एक सेकंद गांठली गेली. त्या चुकीच्या आंकड्यावरून संगणकानें यानाची उंची काढली, ती ऋण आली! म्हणजे आपण जमिनीच्या खालीं आहों असें त्यास वाटलें. आपण उतरलों असें समजून त्यानें छत्री सोडून दिली आणि वेग आवरणारीं इंजिनें तीन सेकंदांतच बंद केलीं. त्या वेळीं यान जमिनीपासून सुमारें ३.७ किलोमीटर उंच होतें. चिप जळाली नव्हती, वीज गेली नव्हती, आज्ञा जशा लिहिल्या होत्या तशाच त्यानें पाळिल्या. "मी क्षणापूर्वीं आकाशांत होतों, मग आतां भूमीच्या पोटांत कसा?" एवढा प्रश्न स्वतःस विचारण्याची शिकवण मात्र त्यास कोणीं दिली नव्हती.

आपल्या देशासहि असाच धडा मिळाला आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजीं चांद्रयान-२ चें विक्रम हें यान चंद्रावर आपटलें. इंजिनांचा जोर अपेक्षेहून अधिक झाला, लहान लहान चुका सांचत गेल्या, आणि त्या निस्तरण्यासाठीं यानास जितक्या झपाट्यानें वळावें लागलें असतें तितकें वळूं देण्याची मोकळीक आज्ञावलींत नव्हती. त्यांत उतरण्याची जागाहि अवघी ५०० मीटर लांब व तितकीच रुंद नेमून दिलेली. पुढील खेपेस शास्त्रज्ञांनीं निराळा विचार केला. काय काय बिघडूं शकेल याची यादी आधीं केली, आणि त्यांतील प्रत्येक संकटांत यान कसें वांचेल याची योजना केली. उतरण्याची जागा सुमारें ४ किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद केली, वेग मोजण्याचें नवें उपकरण बसविलें, आणि आज्ञावली पुन्हां पुन्हां कसोटीस लाविली. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशांत सुखरूप उतरलें, हें सर्वांस विदित आहेच. त्या यशाचें श्रेय केवळ वेगवान संगणकास देणें म्हणजे पीक चांगलें आलें म्हणून सर्व श्रेय तिफणीस देण्यासारखें होईल.

हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा आहे असें पालकवर्गानें मानूं नये. १८ सप्टेंबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें चंद्रावरील माती आणण्याच्या चांद्रयान-४ साठीं २,१०४ कोटि रुपये आणि शुक्राकडील यानासाठीं १,२३६ कोटि रुपये मंजूर केले. शुक्राचें यान मार्च २०२८ मध्यें सोडावें असें तेव्हां ठरलें. हा पैसा जनतेचा आहे. साखरेच्या पोत्यावर व सुताच्या गुंडीवर कर भरणाऱ्याचाहि त्यांत वांटा आहे. शिवाय शुक्राकडे जाण्यास सोयीची वेळ सुमारें १९ महिन्यांनीं एकदां येते. अशा यानांत स्वस्त म्हणून वा नवी म्हणून न पारखलेली चिप बसविली आणि ती फसली, तर ती कमावलेली बचत काय कामाची?

सप्टेंबर २०२५ मध्यें अग्निबाणांसाठीं घडविलेला विक्रम ३२०१ हा स्वदेशी प्रोसेसर प्रसिद्ध झाला. तो पंजाबांतील मोहाली येथें १८० नॅनोमीटरच्या जुन्या पद्धतीनें घडविला आहे, आणि त्यापूर्वीं पीएसएलव्ही-सी६० च्या उड्डाणांत अवकाशांत पारखून घेतला आहे. आजकालच्या मोबाईलांतील चिपा तीन-चार नॅनोमीटरच्या म्हणवितात; तेव्हां या जाडपणाविषयीं कुचेष्टेचे उद्गार काढणारे लोकहि भेटतात. आम्ही त्यांच्याशीं सहमत नाहीं. जें यंत्र आपल्याच देशांत घडतें, ज्याची प्रत्येक वाट आपल्या लोकांस ठाऊक आहे, आणि जें परकीयांनीं विक्री बंद केली तरी आपणांस मिळेल, तें कांहीं मंद असलें तरी विश्वासाचें आहे. मात्र केवळ स्वदेशी म्हणून त्याची परीक्षा सैल करूं नये, हेंहि आम्ही तितक्याच आग्रहानें सांगतों. अवकाशांतील कण देश पाहून आदळत नाहींत.

तात्पर्य, दूर धाडावयाच्या संगणकास चार प्रश्न विचारावेत. तूं मार सोसशील काय? तूं पडलास तर तुझा जोडीदार उभा राहील काय? तुला घरबसल्या दुरुस्त करतां येईल काय? आणि अशक्य उत्तर आलें तर तूं तें मुकाट्यानें मान्य करशील, कीं पुन्हां पडताळून पाहशील? या चोहोंस होकार मिळाला, म्हणजे मग वेगाचा पांचवा प्रश्न विचारावा.

विद्यार्थिमित्रहो, यांतील चौथा प्रश्न तुम्हांसहि लागू आहे. गणितांत विहिरीची खोली काढतां काढतां बापाचें वय मुलाहून कमी निघालें, तर तें तसेंच वहींत उतरवून पुढील उदाहरणास हात घालणारा विद्यार्थी आणि मंगळाच्या आकाशांत आपली छत्री सोडून देणारा तो संगणक यांत फारसा भेद नाहीं. ज्या मुलास अशा उत्तराजवळ थांबून मागें वळण्याची संवय लागेल, त्याच्या हातीं उद्यां देशाचें यान सोंपविण्यास आम्हांस भय वाटणार नाहीं. मग परीक्षेंत तो सर्वांच्या आधीं पेपर देऊन उठला नाहीं तरी चालेल. पालकांनींहि घरीं आलेल्या मुलास "किती उदाहरणें सोडविलींस?" या प्रश्नाबरोबर "पडताळून किती पाहिलींस?" हाहि एक प्रश्न विचारीत जावा.